स्पीकरबाबतची आवड खरोखर किती वेगळी असते?

एकाच घरात वडिलांना जुन्या संचाचा भरदार आवाज भावतो आणि मुलीला नव्या स्पीकरमधली स्पष्टता. मग ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून विषय मिटवला जातो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील फ्लॉइड टूल यांनी मात्र ही आवड मोजायला घेतली. स्पीकर पडद्याआड ठेवायचे, सर्वांचा आवाज सारख्या पातळीवर आणायचा आणि श्रोत्यांकडून गुण घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. १९८०च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, ज्यांची श्रवणशक्ती शाबूत होती त्यांची पसंती आश्चर्य वाटावे इतकी जुळत होती: खर्जापासून तीव्र स्वरांपर्यंत काहीही न फुगवणारे, न दाबणारे स्पीकर बहुतेकांना आवडले. श्रवणदोष असलेल्यांचे गुण मात्र आपसांत जुळत नव्हतेच, शिवाय त्याच श्रोत्याचे गुणही फेरीगणिक बदलत होते.

पडदा दूर केला की काय होते, हे ध्वनी-संशोधक शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये ४० श्रोते आणि ४ स्पीकर घेऊन तपासले. स्पीकर समोर दिसताच मोठ्या आणि महागड्या स्पीकरचे गुण वाढले, आणि न पाहता ऐकताना बरोबरीने टिकलेला छोटा, स्वस्त संच मागे पडला. ते श्रोते खोटे बोलत नव्हते. डोळ्यांनी पाहिलेले मेंदू ऐकण्यात मिसळतो.

आवाजाच्या पातळीचे काय? दोन संचांत जेमतेम एका डेसिबलचा फरक असला, तर तो ‘मोठा’ म्हणून नव्हे, ‘अधिक मोकळा’ म्हणून जाणवतो, त्यामुळे दुकानातली घाईची तुलना मला विश्वासार्ह वाटत नाही. शिवाय आवाज हळू केला की कानाला खर्ज इतर स्वरांपेक्षा अधिक कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. म्हणूनच शेजाऱ्यांची झोप सांभाळून रात्री ऐकणाऱ्याला आणि भरदुपारी मोठ्याने लावणाऱ्याला एकच स्पीकर दोन वेगळ्या प्रकृतींचा वाटतो.

खोलीचा वाटाही मोठा असतो. समोरासमोरच्या भिंतींत ४ मीटर अंतर असेल, तर सुमारे ४३ हर्ट्झचा, म्हणजे खोल खर्जातला स्वर भिंतींजवळ घुमतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे सोफा कुठे आहे यावर खर्जाबद्दलचे मत ठरते. नवा स्पीकर घेण्यापूर्वी जुनाच कोपऱ्यातून हातभर पुढे ओढून ऐकावा, असे मी आग्रहाने सांगेन.

एवढे सगळे वजा केल्यावरही थोडी खरी आवड उरतेच. ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हेडफोनवर केलेल्या चाचण्यांत ६४ टक्के श्रोत्यांना एकच स्वरसंतुलन (खर्ज ते तीव्र स्वरांचे परस्पर प्रमाण) पसंत पडले, १५ टक्क्यांना त्याहून अधिक खर्ज हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. एवढा फरक बास-ट्रेबलच्या बटणांनी सहज भागवता येतो; म्हणूनच अनेक महागड्या ॲम्प्लिफायरमधून नेमकी हीच बटणे काढून टाकलेली पाहून मला वाईट वाटते.