दात असलेलं इंजिन

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पार्किंगला चढणारा रॅम्प पहिल्या पावसात हमखास स्कूटर पाडतो, म्हणून यंदा त्यावर आडव्या चरी पाडून घेतल्या. काम बघत उभे असलेले शेजारचे काका म्हणाले, "अहो, जड गाडी घसरत नाही. रेल्वेचं इंजिन वजनावरच तर घाट चढतं!"

निम्मं खरं. वजन वाढलं की चाकाची पकड वाढते, पण उतारावरून खाली ओढणारं बलही त्याच पटीत वाढतं. एकट्या इंजिनाचं गणित मांडलं तर वजन दोन्हीकडून कटतं. उरतात दोनच आकडे, चढ आणि घर्षणांक, म्हणजे चाक रुळाला किती धरतं त्याचा आकडा. चढ घर्षणांकापेक्षा जास्त झाला की इंजिन घसरतं. कोरड्या रुळावर पोलादी चाकाचा घर्षणांक साधारण 0.25, ओल्या रुळावर 0.1 च्या आसपास. म्हणून ड्रायव्हर चाकापुढे वाळू सोडतो. लिंबू-मिरची बांधून घर्षणांक वाढत नाही.

कर्जतच्या पुढे 37 मीटर गेलं की 1 मीटर चढ. एवढ्यालाही मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावावी लागतात, कारण डबे नुसतं ओझं असतात, त्यांची चाकं जोर लावत नाहीत. माथेरानच्या गाडीचा चढ 20 ला 1, तरी तिच्या इंजिनाला रुळांमध्ये अडकणारे दात नाहीत. ती वळसे घेत चढते.

अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर मात्र चढ काही ठिकाणी 37 टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे 0.37, कोरड्या रुळाच्या 0.25 पेक्षाही जास्त. तिथे गुळगुळीत चाकांचं इंजिन डब्याशिवाय, ब्रेक लावून उभं केलं तरी घसरत खाली येईल. सिल्व्हेस्टर मार्श यांनी 1858 मध्ये या रेल्वेची परवानगी मागितली तेव्हा विधिमंडळात चंद्रापर्यंत रूळ टाकण्याची थट्टा झाली. 1869 मध्ये गाडी शिखरावर पोचली.

दातांची कल्पना त्याहून जुनी. 1812 मध्ये लीड्सच्या कोळसा खाणीसाठी जॉन ब्लेंकिन्सॉप यांनी दातेरी चाक वापरलं होतं. जड इंजिनाखाली ओतीव लोखंडाचे रूळ मोडत आणि हलक्याची पकड पुरत नसे. वजनाचा तोच तिढा! मार्शनी रुळांच्या मधोमध लोखंडी शिडीच आडवी टाकली, इंजिनाखालच्या दातेरी चाकाचे दाते तिच्या पायऱ्यांत अडकतात. घर्षणावरची भिस्तच संपली.

आपल्या निलगिरी रेल्वेत, कल्लार ते कुन्नूर, शिडीऐवजी रोमान आप्ट यांची पद्धत आहे. दोन दातेरी पट्ट्या शेजारीशेजारी, पण एकीचा दाता दुसरीच्या खाचेसमोर. एक दाता सुटायच्या आत दुसरा धरलेला असतो, त्यामुळे हिसके बसत नाहीत.

खरी गंमत उतरताना. माउंट वॉशिंग्टनवर इंजिन कायम डब्याच्या खालच्या बाजूला असतं आणि डबा त्याला जोडलेलाही नसतो, नुसता टेकलेला! चढताना इंजिन ढकलतं, उतरताना अडवून धरतं. नुसते ब्रेक घासत राहिलं तर ते तापून निकामी होतील. म्हणून वाफेच्या इंजिनात वाफ बंद करतात आणि मग उलट चाकंच दट्ट्यांना (पिस्टनना) मागेपुढे हलवतात. दट्ट्या बाहेरची हवा आत ओढून दाबतो, आणि ती किती सुटू द्यायची हे ड्रायव्हर झडपेवर ठरवतो. झडप आवळली की गाडी मंदावते. डोंगरावरून खाली येण्याची ऊर्जा अशी हवा दाबण्यात खर्च होते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, तेच इथे सिलिंडरचं होतं. निकलाउस रिगेनबाख यांनी 1871 मध्ये स्वित्झर्लंडच्या रिगी डोंगरावर दातेरी रेल्वे नेली. त्यांच्या ब्रेकमध्ये सिलिंडर असा तापू नये म्हणून त्यात थोडं थोडं पाणी सोडतात.