‘जड उचलू नका’: एका सूचनेची पार्श्वभूमी

पोट उघडलेल्या माणसाला दोन-तीन आठवडे अंथरुणातच ठेवायचं, ही एकोणिसाव्या शतकातली रीत. 1899 साली शिकागोतल्या एका शल्यविशारदाने रुग्णांना लवकर उठवल्याचे अनुभव मांडले. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या महायुद्धात खाटा अपुऱ्या पडल्या, तेव्हा उठवावंच लागलं. टाके काही उसवले नाहीत.

कोकणात उठण्याचा वाद तसा नव्हताच. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागेपर्यंत मुंबईला ऑपरेशन झालेला माणूस बहुधा एसटीनेच परतायचा, महामार्गाचे आचके खात, पोटाशी उशी आवळून. (खोकताना उशी दाबून धरायला आजही शिकवतात.) घोळ झाला तो पुढच्या सूचनेचा: सहा आठवडे जड उचलू नका.

जड म्हणजे किती? डॉक्टरांच्या मनात बहुतेकदा 4-5 किलो. विहिरीवरून आणलेली भरली कळशी 10 किलोच्या आसपास, पण आपल्याकडे तिला जड कोण म्हणतं? जड म्हणजे भाताचं पोतं, आंब्याची पेटी. त्यामुळे पोत्याला हात न लावणारी बाई आठव्या दिवशी कळशी कमरेवर घेते आणि सूचना पाळल्याचं समाधानही तिला असतं. आणि सहा आठवडे? ते आपल्याला चटकन पटले, कारण बाळंतिणीचा सव्वा महिना अंगवळणी पडलेला होता. मात्र सव्वा महिना संपला की सगळं मोकळं, हा अर्थही त्यासोबत आला. प्रत्यक्षात सहा आठवड्यांनी जखमेची ताकद मूळच्या निम्म्याच्या आसपास असते. 80 टक्क्यांच्या पुढे ती सहसा जातच नाही. कातडीचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात, त्यावरून आतल्या, पोटाच्या स्नायूंना धरून ठेवणाऱ्या पडद्याचा अंदाज बांधता येत नाही.

1980च्या दशकाच्या शेवटी दुर्बिणीतून पित्ताशय काढणं सुरू झालं, अंतर्गळासाठी (म्हणजे हर्नियासाठी) आतून जाळी बसवणं रुळलं. मग सरसकट सहा आठवडे कशाला, असा प्रश्न आला. जोरात खोकताना पोटातला दाब पाऱ्याच्या 100 मिलिमीटरपर्यंत चढतो. तो बेतानं उचललेल्या पिशवीपेक्षा जास्त. जांघेतल्या साध्या अंतर्गळाच्या ऑपरेशननंतर आता बरेच शल्यविशारद दुखेल तिथे थांबा, एवढंच सांगतात. मधोमध उभा मोठा छेद असेल तर बंधन अजूनही सहा ते बारा आठवड्यांचं. माझ्या मते कागदावर किलोबरोबर ‘कळशी नको’ असंही लिहायला हवं.

चालणं आणि खोल श्वास पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. मे महिन्यात ऑपरेशन झालेल्या बायकांचा प्रश्न वेगळाच असतो: गणपतीत फुगडी घातली तर चालेल ना?