तबकडी की लॅपटॉप? विदर्भातल्या उन्हात ताल सांभाळताना

दर्यापूर तालुक्यातल्या एका लग्नात, मे महिन्याच्या भर दुपारी, मारुतीच्या देवळापासून वरात निघण्याच्या बेतात असताना पिकअपवर लावलेल्या डीजेच्या आवाजात मध्येच ‘चर्र चर्र’ असा खंड पडू लागला. डीजे चालवणाऱ्या मुलाने आधी वायरी हलवून पाहिल्या, मग ॲम्प्लिफायरला हात लावून पाहिला आणि शेवटी लॅपटॉप उचलून त्याच्या बुडाखाली दोन काडेपेट्या सरकवल्या. पाचेक मिनिटांत आवाज स्वच्छ झाला. हा धंदा नव्याने सुरू करणारी गावोगावची मुले मला नेहमी विचारतात की फिरत्या तबकडीचे डेक घ्यावेत की लॅपटॉपवर मिक्सिंग करावे, आणि त्यांना उत्तर देताना मी त्या काडेपेट्यांपासूनच सुरुवात करतो.

सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाला घेतलेली मोजमापे, असतात. प्रोसेसर त्यांचे लहान लहान गठ्ठे तयार करून साऊंड कार्डाकडे पाठवतो. गठ्ठा ५१२ नमुन्यांचा असेल, तर तो वाजून संपायला ११.६ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात पुढचा गठ्ठा हजर असावाच लागतो. बहुतेक लॅपटॉप सुमारे ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात, तर अकोला किंवा चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. बुडाखालच्या जाळीतून हवा खेळली नाही, की प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मग गठ्ठा उशिरा पोहोचतो, मधली जागा रिकामी राहते आणि तीच आपल्याला ‘चर्र’ अशी ऐकू येते. गठ्ठा १,०२४ नमुन्यांचा केला तर प्रोसेसरला उसंत मिळते, पण मग हाताची हालचाल आणि आवाज यांच्यातले अंतर वाढते, आणि स्क्रॅच करणाऱ्याला, म्हणजे हाताने गाणे तालात मागेपुढे घासणाऱ्याला, ते लगेच जाणवते.

तबकडीच्या डेकला हा त्रास नाही. पूर्वीच्या बऱ्याच रेकॉर्ड प्लेअरमध्ये मोटर बाजूला असे आणि रबरी पट्ट्याने तबकडी फिरवत असे. पट्टा ताणला गेला की गाण्याची चालही ढिली पडे. १९७२ साली आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० या यंत्रात मोटर थेट तबकडीच्या खाली बसवलेली होती, आणि १९७९ च्या सुधारित आवृत्तीत तिचा वेग क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांनी बांधला गेला. थांबलेली तबकडी ०.७ सेकंदात पूर्ण वेग घेते. रेकॉर्डखाली नमद्याची पातळ चकती असते. बोटाने रेकॉर्ड धरून ठेवली तरी खालची तबकडी फिरतच राहते आणि बोट उचलताच गाणे वेगात सुरू होते. बाजूची पट्टी सरकवून वेग ८ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करता येतो. मात्र वेगाबरोबर सूरही हलतो, आणि ६ टक्के वेग वाढला की गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते. लॅपटॉप मात्र ध्वनीचे बारीक तुकडे एकमेकांवर सरकवून सूर तोच ठेवतो आणि फक्त चाल बदलतो. माझ्या मते ही त्याची खरी मोठी देणगी आहे.

ही तबकडी पिकअपवर चालेल का? सुई रेकॉर्डच्या खाचेतली केसाहून बारीक वळणे वाचते. तिला रस्त्यावरचा खड्डा आणि गाण्यातला ठेका यांत फरक कळत नाही. शेजारी मोठे बेस दणाणत असतील, तर त्यांचा हादरा सुईतून पुन्हा ॲम्प्लिफायरमध्ये शिरतो आणि घुमारा वाढतच जातो. त्यातून बंद गाडीत उन्हाने तापलेली रेकॉर्ड वाकडी होते, ते वेगळेच.

दोहोंच्या मधली एक वाट आहे आणि ती फार सुंदर आहे. विशिष्ट रेकॉर्डवर गाण्याऐवजी एकच सूर कोरलेला असतो, समजा सेकंदाला १,००० कंपनांचा. बोटाने तबकडी किंचित दाबली आणि कंपने ९७० झाली, की लॅपटॉप ओळखतो की वेग ३ टक्क्यांनी उतरला, आणि त्याच्याजवळचे गाणे तितकेच मंद करतो. डावा आणि उजवा सूर एकमेकांच्या किंचित मागेपुढे ठेवलेला असल्यामुळे तबकडी उलटी फिरवली तर तेही त्याला कळते. सुई मात्र तीच असल्यामुळे खड्ड्यांचे दुखणेही तेच राहते.

म्हणून वरातीसाठी मी लॅपटॉप, आणि त्याला जोडलेला जॉग व्हीलचा, म्हणजे तबकडीसारखी हाताने फिरवायची चाके असलेला, कंट्रोलर सुचवतो. वीज गेली तर ॲम्प्लिफायर बंद पडतो, पण बॅटरीवरचा लॅपटॉप आणि त्याच्यावर चालणारा कंट्रोलर जागा सोडत नाहीत. जनरेटर सुरू झाला की गाणे हातात असते. अर्थिंग नीट नसलेल्या मांडवात चार्जर लावताच ‘घूं’ असा आवाज आला, तर चार्जर काढून पाहावा. तेवढ्याने तो थांबला तर लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तारांचा थेट संबंध तोडून फक्त आवाज पुढे नेणारी डबी, बसवावा. ब्लूटूथ हेडफोन मिक्सिंगसाठी घेऊ नयेत, कारण त्यांतला उशीर सहज दीडशे मिलिसेकंदांच्या घरात जातो.

उशीर हवेतही होतो. पस्तीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५२ मीटर जातो. म्हणजे दहा मीटर पुढे ठेवलेल्या स्पीकरचा ठोका डीजेच्या कानाशी २८ मिलिसेकंद उशिरा येतो, आणि हेडफोनमधले गाणे त्याच्याशी जुळवणारा स्वतःच्या नकळत तितकाच चुकतो. त्यामुळे एक लहान स्पीकर हाताशी हवाच.

आता राहिले ते सिंकचे, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारे, बटण. एक गाणे मिनिटाला १२० ठोक्यांचे आणि दुसरे १२०.५ ठोक्यांचे असेल, तर दहा सेकंदांतच ते ४० मिलिसेकंदांहून अधिक सरकतात आणि एका ठोक्याचे दोन ऐकू येऊ लागतात. सॉफ्टवेअर हा फरक लीलया मिटवते, पण गाण्याची चाल एकसारखी आहे असे धरूनच. डफडे, सनई यांची प्रत्यक्ष वाजवलेली गाणी रंगात येता येता वेग घेतात. सहा मात्रांच्या ठेक्याला तर सॉफ्टवेअर पुष्कळदा चार मात्रांच्या चौकटीत कोंबते. तिथे पडद्यावर दोन्ही गाण्यांचे ठोके दाखवणाऱ्या रेघा जुळलेल्या दिसतात आणि मांडवात नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. डेकवर शिकलेल्याला हे आधीच ऐकू येते, कारण त्याच्यापुढे पाहायला रेघच नव्हती.

त्या दिवशी वरात देवळापुढून हलण्याआधी मुलाने डफड्याचे गाणे लावायला घेतले आणि त्याचे बोट सिंककडे गेले. गाडीत बसलेल्या त्याच्या काकाने गळ्यातला दुपट्टा काढून लॅपटॉपच्या पडद्यावर टाकला आणि म्हणाला, “डोयानं पाहू नोको, कानानं आयक.” मुलाने एका कानावर हेडफोन दाबला, जॉग व्हीलच्या कडेला तर्जनी टेकवली आणि गाणे अगदी थोडे मागे ओढले.