मीटर, मेट्रो आणि मीटिऑर: सारख्या आद्याक्षरांच्या इंग्रजी शब्दांचे मूळ

हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. त्या कार्यालयाच्या नावावरून शिवाजीनगरातल्या चौकाला आजही सिमला ऑफिस चौक म्हणतात. या खात्याचे शास्त्र म्हणजे मीटिऑरॉलॉजी. तिथून जवळच शिवाजीनगरचे भुयारी मेट्रो स्थानक आहे आणि त्या स्थानकाची खोली ज्या एककात सांगतात ते मीटर. रोमन लिपीत लिहिले की या तिन्ही शब्दांच्या आरंभी एम, ई आणि टी ही अक्षरे येतात, त्यामुळे त्यांचे मूळ एकच असावे असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती तीन वेगळी मुळे आहेत.

मीटर हे एकक फ्रान्सने १७९५ मध्ये कायद्याने स्वीकारले आणि त्याचे नाव ‘मेट्रॉन’, म्हणजे माप, या ग्रीक शब्दावरून ठेवले. मेट्रोचा मापाशी संबंध नाही. ग्रीक भाषेत ‘मेटेर’ म्हणजे आई आणि ‘पोलिस’ म्हणजे नगर. ज्या नगरातून लोक बाहेर पडून नव्या वसाहती वसवीत, ते त्यांचे मातृनगर, म्हणजेच मेट्रोपोलिस. लंडनमध्ये १८६३ साली सुरू झालेल्या भुयारी रेल्वेच्या नावात ‘मेट्रोपोलिटन’ हा शब्द होता. पॅरिसमध्ये १९०० साली धावू लागलेल्या रेल्वेच्या नावातही तो होता, आणि पॅरिसकरांनी त्याचा ‘मेट्रो’ केला. मीटिऑर या शब्दाचा आरंभ ‘मेटा’ या उपसर्गाने होतो आणि पुढचा भाग उचलणे या अर्थाच्या धातूचा आहे, म्हणून संपूर्ण शब्दाचा अर्थ ‘हवेत उंचावर असलेले’ असा होतो. प्राचीन ग्रीकांच्या दृष्टीने पाऊस, वीज, इंद्रधनुष्य आणि उल्का हे सगळेच उंचावरचे प्रकार होते. पुढे मीटिऑर हा शब्द एकट्या उल्केपुरता उरला, मात्र पावसाच्या शास्त्राचे नाव जुन्या, व्यापक अर्थावरच राहिले.

मराठी वाचकाला यात एक जास्तीची गंमत दिसेल. ग्रीक ‘मेटेर’ आणि संस्कृत ‘मातृ’ ही एकाच प्राचीन शब्दाची दोन रूपे आहेत, आणि ‘मेट्रॉन’ व ‘मात्रा’ हे दोन्ही शब्द मोजणे या अर्थाच्या एकाच धातूच्या कुळातले मानले जातात. म्हणजे आई आणि माप यांची आद्याक्षरे जुळण्याचा योगायोग ग्रीकमध्ये घडला तसा संस्कृतातही घडला आहे. मातृ आणि मात्रा यांचा अर्थ आपल्याला ठाऊक असल्यामुळे आपण त्यांची गल्लत करत नाही. परक्या भाषेत मात्र आपण अक्षरांवर विसंबतो.

या विसंबण्यामागे मेंदूची एक सवय आहे. शब्द कानावर पडत असताना तो पूर्ण होईपर्यंत मेंदू थांबत नाही. पहिल्या एकदोन ध्वनींबरोबरच त्या ध्वनींनी सुरू होणारे अनेक शब्द जागे होतात आणि पुढचा प्रत्येक ध्वनी त्यातल्या काहींना बाद करत जातो. विल्यम मार्सलेन-विल्सन या मानसभाषाशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली. शब्द अगदी जिभेवर असतो, पण काही केल्या आठवत नाही, त्या अवस्थेचा अभ्यास रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की हरवलेल्या शब्दाचे पहिले अक्षर लोक निम्म्याहून अधिक वेळा बरोबर सांगू शकतात. थोडक्यात, मनातल्या शब्दसंग्रहात शिरण्याची एक मोठी वाट शब्दाच्या आरंभातून जाते. म्हणूनच सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी इंग्रजी शब्दांच्या आरंभांची यादी पाठ करतात तेव्हा त्याचा उपयोग होतो. अडचण इतकीच की एका आरंभाला एकच अर्थ असेल असे ती यादी गृहीत धरते.

‘पेड’ हा आरंभ त्यासाठी तपासून पाहण्यासारखा आहे. सायकलचे पेडल आणि रस्त्यावरचा पेडेस्ट्रियन हे दोन्ही शब्द लॅटिन ‘पेस’, म्हणजे पाय, या शब्दातून आले. हा ‘पेस’ संस्कृत ‘पाद’ याचा सख्खा भाऊ असल्यामुळे पेडेस्ट्रियनला पादचारी म्हणताना आपण त्याच मुळाकडे परततो. पण बालरोगतज्ज्ञ ज्या पीडियाट्रिक्सचा अभ्यास करतो त्याचा पायाशी काही संबंध नाही. तिथला ‘पेड’ मूल या अर्थाच्या ग्रीक ‘पाइस’ या शब्दाचा आहे. ब्रिटिश लेखनात त्यात एक जास्तीचा ‘ए’ टिकून राहिल्यामुळे वेगळ्या मुळाची खूण तरी दिसते. अमेरिकी लेखनाने तो ‘ए’ काढून टाकला आणि खूणही पुसली. पेडिग्री, म्हणजे वंशावळ, हा शब्द पुन्हा पायाकडे जातो, पण माणसाच्या नव्हे. जुन्या वंशावळींत पिढ्या जोडणाऱ्या रेषांची खूण क्रौंच पक्ष्याच्या पावलासारखी दिसे, म्हणून जुन्या फ्रेंचमध्ये तिला ‘क्रौंचाचे पाऊल’ असे नाव पडले आणि त्याच शब्दांचा पुढे पेडिग्री झाला.

याच्या उलट, एकाच मुळाच्या शब्दांची आद्याक्षरे पूर्णपणे वेगळी असल्याची उदाहरणे ढिगाने सापडतात. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात त्यासाठी सायकलच पुरेशी आहे. इंग्रजी ‘व्हील’, ग्रीकमधून आलेला ‘सायकल’ आणि आपले ‘चक्र’ किंवा ‘चाक’ हे तिन्ही एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत. ‘फूट’, ‘पेडल’ आणि ‘पाद’ यांचेही तसेच आहे. मूळ भाषेतला ‘प’ लॅटिन आणि संस्कृतात ‘प’ राहिला, तर इंग्रजीच्या जर्मानिक शाखेत तो ‘फ’ झाला. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते जाहीरपणे मांडले, आणि याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये जर्मानिक भाषांतल्या अशा व्यंजनबदलांचा नियम दाखवून दिला. त्यानंतर शब्दांचे नाते ठरवण्याची कसोटी पालटली. दोन भाषांतले शब्द हुबेहूब सारखे दिसतात का, या प्रश्नाऐवजी त्यांच्यातला फरक नियमाने येतो का, हा प्रश्न विचारला जाऊ लागला. सारखेपणा फसवू शकतो, नियमित फरक सहसा फसवत नाही.

केएन या जोडीने सुरू होणारे ‘नी’, म्हणजे गुडघा, आणि ‘नो’, म्हणजे जाणणे, हे शब्द या नियमाने पाहिले की मुका ‘के’ बोलका होतो. इंग्रजीत तो साधारण सतराव्या शतकापर्यंत उच्चारला जात होता. त्याआधीच, १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला होता आणि छपाईबरोबर शब्दांचे लेखन हळूहळू पक्के होत गेले, त्यामुळे उच्चार गेला तरी अक्षर मागे राहिले. ग्रिमच्या नियमाने हा ‘के’ संस्कृतातल्या ‘ज’शी जुळतो. ‘नी’चा भाऊ ‘जानु’ आणि ‘नो’चा भाऊ ‘ज्ञा’. याच ‘ज्ञा’चे ग्रीक नातेवाईक डायग्नोसिस या शब्दात ‘ग्न’ होऊन बसले आहेत. मुक्या ‘के’बद्दल इंग्रजीला हसण्याआधी आपण ‘ज्ञ’ हे अक्षर लिहितो कसे आणि मराठीत ‘द्न्य’ असे म्हणतो कसे, याचाही विचार करावा.

इथवर दोनच शक्यता दिसल्या, नाते किंवा योगायोग. तिसरी शक्यता अधिक विलक्षण आहे, आणि तिच्याबद्दल अजून संशोधन चालू आहे. इंग्रजीत ‘ग्ल’ने सुरू होणारे शब्द एकामागून एक म्हणून पाहावेत: ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, ग्लेअर, ग्लॉस, ग्लास. सगळीकडे चमक आहे. ‘स्न’ने सुरू होणारे स्नोअर, स्निफ, स्नीझ, स्नॉट, स्नाउट हे शब्द घेतले तर सगळीकडे नाक आहे. ‘ग्ल’ हा उपसर्ग नाही. तो काढून घेतला तर ‘ग्लो’मध्ये उरलेल्या ‘ओ’ला काहीच अर्थ राहत नाही. तरीही या जोडध्वनीला एक अर्थच्छटा चिकटलेली आहे. जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात अशा शब्दगटांची नोंद केली होती. हेच वॉलिस गणितज्ञही होते, आणि अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह त्यांनीच रूढ केले. १९३० मध्ये ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी अशा ध्वनिगटांना ‘फोनेस्थीम’ हे नाव दिले. त्याआधी काही वर्षे ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते.

‘ग्ल’ गटाचा गाभा नात्याचा आहे. बहुतेक व्युत्पत्तिकार यातले अनेक शब्द चमकणे किंवा पिवळेपणा या अर्थाच्या एका प्राचीन धातूकडे नेतात. ‘गोल्ड’ आणि ‘येलो’ त्याच कुळातले आहेत. संस्कृतात त्याच धातूची संतती म्हणजे हिरण्य आणि हरित, आणि जिच्यापासून आपली हळद आली ती हरिद्राही त्याच घरातली. ‘ग्लॅड’ या शब्दाचा जुना अर्थही आनंदी होण्याआधी तेजस्वी असा होता. मात्र ग्लोब, ग्लोरी आणि ग्लू हे लॅटिन वळणाचे परके शब्द आहेत, आणि ‘ग्लव्ह’मधला ‘ग्’ हा जुन्या उपसर्गाचा अवशेष असून उरलेल्या भागाचा अर्थ तळहात असा आहे.

खरे नवल ग्लॅमर या शब्दाचे आहे. तो मुळात ‘ग्रामर’, म्हणजे व्याकरण. मध्ययुगात लॅटिन वाचता येणारा माणूस मंत्रतंत्रही जाणत असणार, अशी सामान्यांची समजूत असल्यामुळे व्याकरणाच्या नावालाच जादूटोण्याचा अर्थ चिकटला. स्कॉटलंडमध्ये त्यातल्या ‘र’चा ‘ल’ झाला. वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनातून ‘भुरळ’ या अर्थाचा हा शब्द पसरला आणि पुढे भुरळ पाडणाऱ्या झगमगाटाचे नाव झाला. चमकणाऱ्या शब्दांच्या गटाने या पाहुण्याला आपला रंग लावला, असे मानण्याचा मोह होतो. तो सिद्ध करणे कठीण आहे, पण ‘स्नीझ’च्या बाबतीत पुरावा अधिक भक्कम आहे. शिंकण्याला जुन्या इंग्रजीत ‘फ्न’ने सुरू होणारा शब्द होता. ‘फ्न’ने सुरू होणारे शब्द भाषेतून नाहीसे होत चालले होते आणि त्या काळी लिहिला जाणारा लांब ‘एस’ दिसायला ‘एफ’सारखाच असे, त्यामुळे पंधराव्या शतकात या शब्दाचा आरंभ ‘स्न’ झाला. तिथे घोरण्याचे आणि हुंगण्याचे शब्द आधीच जमलेले असल्यामुळे तो तिथेच रुजला.

असे निष्कर्ष केवळ तर्काने निघत नाहीत. प्रत्येक शतकातल्या लिखाणातून शब्दाची वापरलेली रूपे टिपून ठेवावी लागतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून संस्कृतच्या ऐतिहासिक कोशासाठी नेमके हेच काम चालले आहे, आणि त्यासाठी लिहिलेल्या शब्दपत्रिकांची संख्या १ कोटीच्या घरात आहे.

फोनेस्थीम ही केवळ अभ्यासकाच्या नजरेची करामत नाही, हे दाखवण्याचा एक चांगला प्रयत्न भाषेचे अभ्यासक बेंजामिन बर्गन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावर आधी एक शब्द दाखवायचा, लगेच दुसरा दाखवायचा, आणि दुसरा शब्द इंग्रजीत खरोखर आहे का एवढेच विचारायचे, अशी ती चाचणी होती. दोन्ही शब्दांत ‘ग्ल’ आणि चमक असे दोन्ही जुळत असले की उत्तर लवकर येई, आणि हा वेग केवळ अक्षरे जुळणाऱ्या किंवा केवळ अर्थ जुळणाऱ्या जोड्यांपेक्षा अधिक होता. त्यांनीच इंग्रजी मजकुराच्या एका मोठ्या संग्रहात मोजले तेव्हा ‘ग्ल’ने सुरू होणाऱ्या शब्दांपैकी सुमारे ३९ टक्के शब्द प्रकाश किंवा दृष्टी यांच्याशी संबंधित निघाले. म्हणजे हा नियम नव्हे, कल आहे.

डब्ल्यू-आर या जोडीची गोष्ट मराठीच्या अधिक जवळची आहे. मुका ‘डब्ल्यू’ देवनागरीत उरतच नाही, त्यामुळे रिस्ट, रेंच, रिंग, रिंकल, रीथ हे शब्द आपल्याला साधे ‘र’चे वाटतात. मनगट, मुरगळणे, पिळणे, सुरकुती, फुलांचे वेटोळे, असे या सगळ्यांत काहीतरी वळलेले किंवा मुरडलेले आहे. ‘रॉंग’ या शब्दाचा मूळ अर्थही वाकडा असाच होता, आणि आपणही चुकीच्या वागण्याला ‘वाकडे पाऊल’ म्हणतो. यातले बरेच शब्द वळणे या अर्थाच्या ज्या कुळात धरले जातात, त्याच कुळात आपले वृत्त, वर्तुळ आणि आवर्तन बसतात. पण ‘राइट’, म्हणजे लिहिणे, त्या कुळात बसत नाही. त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, आणि संस्कृत ‘लिख्’ या धातूचाही तोच.

आता मराठीतले वळणे, वाकणे, वेढणे, वाटोळे, वेटोळे, वळसा, वळकटी हे शब्द पाहावेत. वळणे ‘वल्’पासून, वाकणे ‘वक्र’पासून, वेढणे ‘वेष्ट्’पासून आणि वाटोळे ‘वर्तुल’पासून आले, म्हणजे मुळे निरनिराळी असूनही सारे ‘व’ एका वाकणावर जमले आहेत. झळाळी, झगमग, झळकणे यांचा ‘झ’ आणि शिंक, शिंकरणे, शेंबूड यांचा ‘श’ यांच्याकडेही त्याच नजरेने पाहता येते. मराठी बोलणाऱ्यांवर बर्गन यांच्यासारखी चाचणी घेऊन पाहण्याजोगा हा विषय आहे.

आद्याक्षरांवर विसंबण्याचा धोका नेहमी पुस्तकी नसतो. मुंबई-पुणे महामार्गावर इंधन वाहून नेणाऱ्या टँकरवर ‘इनफ्लेमेबल’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. ‘इनकरेक्ट’ आणि ‘इनव्हिजिबल’ यांतला ‘इन’ नकाराचा असल्यामुळे हा पदार्थ पेट घेत नाही, असा कोणाचाही समज होऊ शकतो. वास्तविक तिथला ‘इन’ म्हणजे ‘आत’. लॅटिनमध्ये ‘इनफ्लामारे’ या क्रियापदाचा अर्थ पेटवणे असा आहे, आणि सूज व दाह यांसाठी डॉक्टर वापरतात तो ‘इनफ्लमेशन’ हा शब्द त्याच क्रियापदाचा. या गैरसमजातून अपघात होऊ नयेत म्हणून विसाव्या शतकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा तज्ज्ञांनी ‘फ्लेमेबल’ या आखूड रूपाचा पुरस्कार केला. जुने रूप मात्र गेले नाही, आणि म्हणून आज ‘फ्लेमेबल’ आणि ‘इनफ्लेमेबल’ या दोन्हींचा अर्थ पेट घेणारा असाच आहे. पेट न घेणाऱ्या पदार्थासाठी ‘नॉनफ्लेमेबल’ हा तिसरा शब्द वापरावा लागतो.