पन्हाळा महाराजांनी बांधला नाही, जिंकला

रविवारी कोल्हापुरातून वीसेक किलोमीटरवरच्या पन्हाळ्यावर गेलं, की तीन दरवाजापाशी पिठलं-भाकरी खाता खाता कुणीतरी मुलांना सांगतंच, "हे सगळं शिवाजी महाराजांनी बांधलं." त्यामागचं प्रेम खरं आहे, पण माहिती चुकीची.

गड मूळचा शिलाहारांचा. बाराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या भोजाची ही राजधानी होती. पुढे यादव आले, मग बहमनी आणि आदिलशाही. आज आपण ज्यापुढे फोटो काढतो, ते बरंचसं भक्कम बांधकाम आदिलशाहीतलं. तीन दरवाजावरच्या फारसी शिलालेखात इब्राहिम आदिलशहाचं नाव कोरलेलं आहे. वर मान करून बघा, दिसतो.

मग महाराजांचं काय? त्यांनी हा गड घेतला, आणि कसा! १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखान पडला आणि अठराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आला. शत्रूला सावरायला उसंतच दिली नाही. पुढच्या वर्षी सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा याच तटांनी झेलला. गड नंतर हातचा गेला, तो १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ मावळ्यांनिशी रात्रीतून परत आणला.

परक्याने बांधलेला एवढा अभेद्य तट साठ माणसांनी घेतला, हे मुलांना सांगायचं सोडून आपण तटच महाराजांच्या नावावर करतो. त्यात त्या साठ जणांचा पराक्रम झाकला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.