नाशिकहून कोकणात जायचं तर कल्याणच का?

सुट्ट्या लागल्या की नाशिकमध्ये कोकणाचे बेत शिजतात आणि बहुतेक बेत कल्याण, ठाणे नाहीतर पनवेलला गाडी बदलण्यापाशी येऊन अडतात. मंगला एक्सप्रेस नाशिकरोडहून थेट रत्नागिरीला जाते, पण ती दिल्लीहून केरळकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी. ऐन हंगामात तिचं तिकीट मिळणं कठीण.

पूर्वी असं नव्हतं. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्याच्या दानांची यादी आहे, आणि त्या यादीत इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर फुकट उतरण्यासाठी नावा ठेवल्याची नोंद आहे. पारादा म्हणजे पार, दमण म्हणजे दमणगंगा. दोन्ही आपल्याच जिल्ह्यातल्या डोंगरांत उगम पावतात. दाहनुका डहाणूची. शूर्पारक, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात वाटसरूंसाठी निवारा बांधल्याचंही त्यात आहे. समुद्रापासून इतक्या आत, डोंगरातल्या लेण्यात किनाऱ्यावरच्या होड्यांचा हिशेब कोरलेला दिसतो, तेव्हा नाशिक आणि किनारा किती जवळ होते ते कळतं. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असं उतरत किनाऱ्याला लागायची वाटही जुनीच. १६६४ साली सुरतेवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारजवळच्या शिरपामाळावर झाला होता, असं त्या भागात आजही सांगतात.

ही सवय मोडली ती रेल्वेनं. १८६५ साली थळ घाट, म्हणजेच कसारा घाट, ओलांडून रूळ इगतपुरीला पोचले. ३७ फुटांमागे एक फूट असा तो चढ. आजही वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात. घाट जिंकला गेला, पण सगळी वर्दळ कल्याण-मुंबईकडे वळली. तळकोकणात जायचं तर मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून बोट धरायची, हर्णै, जयगड, विजयदुर्ग अशी बंदरं घेत जायची आणि बोट खोल पाण्यात थांबली की होडीत उतरून किनारा गाठायचा. नंतर एसटी आली. रोह्यापासून पुढे मंगळूरकडे जाणारी कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, तीही कल्याण-पनवेलच्या पलीकडे. आपल्या वाट्याला गाडी बदलणंच राहिलं.

रस्त्यानं मात्र चित्र पालटलं आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाटाला बोगद्याचा पर्याय मिळाला. रायगड-रत्नागिरीकडे स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांनी तोच धरावा. पण ज्यांना नुसता समुद्र हवा आहे, त्यांनी त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू गाठावं. पालघर जिल्हाही कोकणच आहे, हे आपण फार विसरतो. नाशिक-डहाणू रेल्वेची मागणी जुनी आहे, आणि माझ्या मते नाशिककरांनी ती अजून जोरानं लावून धरायला हवी.