मुंबईत बिल्डिंगच्या ढिल्या सिक्युरिटीमुळे ऑफिसचा भाडेकरार मुदतीआधी सोडायचाय? कोणाला जमतं, कुठले कागद लागतात

आमचं सहा जणांचं ऑफिस मरोळला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होतं, भाड्याचा गाळा, पाच वर्षांचं लीव्ह अँड लायसन्स (जागा वापरायची परवानगी देणारा करार) आणि त्यातली पहिली दोन वर्षं लॉक-इन, म्हणजे तेवढ्या काळात मध्येच सोडता येत नाही. चौदाव्या महिन्यात शनिवार-रविवारच्या सुट्टीत कुलूप तोडून दोन लॅपटॉप नेले. पुढच्याच महिन्यात आमच्याकडची एक मुलगी संध्याकाळी जिना उतरत होती तर एक अनोळखी माणूस दोन मजले तिच्या मागे मागे आला आणि खाली गेटवर कोणीच नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, इथे राहायचं नाही. पण डिपॉझिट न बुडवता निघायचं म्हणजे कागदांची बरीच जुळवाजुळव लागते, ती आम्ही उशिरा शिकलो म्हणून इथे सगळं लिहितोय.

आधी हे समजून घ्या की "सिक्युरिटी खराब आहे" एवढ्या एका कारणावर करार आपोआप मोडता येतो असं नाहीये. हक्क निघतो तो तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमधून. ते काढा आणि टर्मिनेशनचा क्लॉज वाचा, लॉक-इन फक्त तुमच्यावर आहे की मालकावर पण ते बघा, आणि मालकाने अट मोडली तर लॉक-इनमध्ये पण निघता येईल असं लिहिलंय का ते शोधा. वॉचमन, सीसीटीव्ही, जिन्यातले लाइट याबद्दल मुख्य भागात काही नसेल तर शेवटचं परिशिष्ट बघा. आमच्या परिशिष्टात चोवीस तास सिक्युरिटी लिहिलेली होती आणि तिचे पैसे दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये वेगळे लावलेले होते, सगळं प्रकरण शेवटी त्या एका ओळीवर उभं राहिलं.

लॉक-इन संपलं असेल तर फार डोकं लावायची गरज नाही, करारात लिहिलेल्या मुदतीची नोटीस द्या आणि निघा. लॉक-इन चालू असेल तर दोनच रस्ते, एक तर मालकाशी बसून आपसात करार संपवायचा नाहीतर त्याने अट मोडली हे कागदावर दाखवायचं. मालक बहुतेक वेळा उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं मागतो. तेव्हा भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७४ लक्षात ठेवा, करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी कोर्ट वाजवी भरपाई देतं आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा असते. तसंच लीव्ह अँड लायसन्स असेल तर भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चं कलम ५७ आहे, जागेतला धोकादायक दोष मालकाला माहीत असेल आणि तुम्हाला नसेल तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. मागचं शटर नीट लागतच नाही हे त्याला आधीपासून ठाऊक असेल तर हा मुद्दा नोटिशीत नक्की घाला.

आता पुरावा, आणि इथे आम्ही सगळ्यात जास्त चुकलो. चोरी झाली की त्याच दिवशी एफआयआर करा, नुसता तक्रार अर्ज देऊन परत येऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, ती घेऊनच पोलीस स्टेशनमधून निघा. सीसीटीव्हीचं फुटेज सोसायटीकडे (इस्टेटमधल्या गाळेमालकांची संस्था) लेखी मागा आणि लगेच मागा, कारण रेकॉर्डिंगवर नवीन रेकॉर्डिंग चढत जातं. आम्ही आठवडे घालवले आणि मग उत्तर आलं की आता काही शिल्लक नाही. रिकाम्या गेटचे तारीख-वेळ दिसणारे फोटो, व्हिजिटर रजिस्टरच्या कोऱ्या पानांचे फोटो, बंद कॅमेऱ्याचे फोटो, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा.

सोसायटीला पत्र द्या पण मेंबर तुम्ही नाही, मालक आहे, त्यामुळे खरं पत्र मालकाला जायला पाहिजे आणि त्याची प्रत सोसायटीला. ईमेल करा आणि पोस्टाने पण पाठवा, पोचपावती येईल अशा पद्धतीने. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जोडायला चांगलं, पण नुसत्या त्याच्यावर अवलंबून राहू नका. आणि सिक्युरिटी एजन्सीकडे खासगी सुरक्षा एजन्सी कायदा २००५ खालचं लायसन्स आहे का तेही त्याच पत्रात विचारा.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आमच्या तक्रारीनंतर सोसायटीने काय केलं तर मागच्या जिन्याला रात्रीचं कुलूप लावलं. हे अजिबात चालवून घेऊ नका! आग लागली तर माणसं त्याच जिन्याने बाहेर पडणार असतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ खाली फायर सिस्टीम चालू असल्याचं फॉर्म बी सर्टिफिकेट दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं, ते बघायला मागा. आणि तुमच्याकडे बायका रात्री साडेनऊनंतर थांबत असतील आणि दुकाने व आस्थापना कायदा २०१७ तुमच्या ऑफिसला लागू असेल (लहान ऑफिसला तो पूर्ण लागू होत नाही) तर त्यांची संमती आणि सुरक्षितता ही तुमची, म्हणजे नोकरी देणारे म्हणून तुमची जबाबदारी आहे, बिल्डिंगकडे बोट दाखवून ती टळत नाही.

नोटिशीत काय मोडलं, कुठल्या क्लॉजप्रमाणे, आणि सुधारायला किती दिवस ते लिहा, करारात मुदत नसेल तर ३० दिवस द्या. या काळात भाडं थांबवायचं नाही, राग येतो, मला पण आला होता, पण भाडं थांबलं की थकबाकीदार तुम्ही ठरता आणि मालकाची चूक बाजूला राहते. सोबत रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटची प्रत, डिपॉझिट दिल्याचा बँकेचा पुरावा, भाड्याच्या पावत्या नाहीतर स्टेटमेंट, भाड्यातून कापलेल्या कराचं टीडीएस सर्टिफिकेट, मेंटेनन्सची बिलं, एफआयआर, आधीची सगळी पत्रं पोचपावत्यांसकट, फोटो, आणि कंपनी असेल तर सही करणाऱ्याच्या नावाचा बोर्ड रिझोल्यूशन एवढं जोडा. नोटीस वकिलाकडूनच द्या, तिथे पैसे वाचवू नका.

मालक तयार झाला तर तोंडी "ठीक आहे, जा" वर निघू नका, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर्ड असेल तर ते रद्द केल्याचा कागद पण रजिस्टर करून घ्या. तयार नाही झाला तर मुंबईत मालक आणि लायसन्सी (म्हणजे जागा वापरणारे तुम्ही) यांच्यातले ताबा आणि भाड्याचे दावे लघुवाद न्यायालयात चालतात, धोबी तलावाला. डिपॉझिटचा दावा नेमका कुठे टाकायचा ते वकिलाला विचारा.

जागा सोडायच्या दिवशी वीज मीटरचं रीडिंग, रिकाम्या जागेचा व्हिडिओ, आणि किल्ल्या मिळाल्याची मालकाची सही. सामान बाहेर काढायला सोसायटी मालकाचं एनओसी मागते, ते चार दिवस आधीच घ्या नाहीतर टेम्पो गेटवर उभा राहतो. जीएसटीवरचा पत्ता १५ दिवसांत बदलावा लागतो, कंपनीचं रजिस्टर्ड ऑफिस तिथेच असेल तर ३० दिवसांत कळवावं लागतं, गुमास्ता (दुकाने-आस्थापना कायद्याखालची नोंदणी) पण लक्षात ठेवा. शेवटची किल्ली मात्र डिपॉझिट खात्यात जमा झालेलं दिसल्यावरच हातात द्या. आम्ही मालकासमोर बसून बँकेचा मेसेज येईपर्यंत थांबलो होतो.